बैगांसाठी नॅशनल पार्क मागणारे वेरियर एल्विन

गोंदियाहून बालाघाटमार्गे मुक्की गेट गाठलं की कान्हा सुरू होतं. सुट्टीत आपल्याकडून गाड्या भरभरून तिकडं जातात. जिप्सीत बसायचं, बारासिंगा बघायचा, नशीब असेल तर वाघ, आणि परत. वाटेत अंगभर गोंदलेल्या बैगा म्हाताऱ्या दिसतात, त्यांचाही एखादा फोटो होतो. पण याच मैकल डोंगररांगेत राहून एका इंग्रज माणसानं १९३९ साली नॅशनल पार्कची मागणी केली होती. तीही वाघासाठी नव्हे, या बैगांसाठी. त्यांचं नाव वेरियर एल्विन.

जन्म २९ ऑगस्ट १९०२ चा, इंग्लंडातल्या डोव्हरचा. वडील बिशप. ऑक्सफर्डला शिकून एल्विन स्वतःही पाद्री झाले आणि १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. आले होते धर्माच्या कामाला, पण गांधीजींच्या सहवासात गेले आणि खादी घालून काँग्रेसच्या बाजूनं उभे राहिले. सरकारला ते खटकलं, चर्चलाही खटकलं. आदिवासींत जाऊन काम करा, असं सुचवणाऱ्यांत वर्ध्याचे जमनालाल बजाज होते. १९३२ च्या जानेवारीत एल्विन मंडला भागातल्या करंजिया गावी पोचले. कान्ह्यापासून पूर्वेकडं, अमरकंटकच्या अंगाला हे गाव. सोबत पुण्यातल्या संघात भेटलेले शामराव हिवाळे. या माणसानं आयुष्यातली बरीच वर्षं या कामाला दिली, पण नाव झालं ते एल्विन यांचं. दोघांनी कुडाच्या झोपडीत शाळा काढल्या, दवाखाना चालवला, कुष्ठरोग्यांची सोय केली. १९३५ पर्यंत एल्विन यांनी चर्चही सोडलं.

तिथं गोंडांबरोबर त्यांना बैगा भेटले. बैगा नांगर धरत नसत. नांगर म्हणजे धरतीमातेची छाती फाडणं, अशी त्यांची समजूत. उन्हाळ्याच्या आधी झाडं तोडायची, वाळली की पेटवायची आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत कोदो-कुटकी पेरायची. दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून दुसरीकडं जायचं. याला ते बेवर म्हणतात. इंग्रजांच्या जंगल खात्याला लाकूड हवं होतं, म्हणून बेवरवर बंदी आली. १८९० साली फक्त एका तुकड्यात ती चालू ठेवली, तो बैगाचक. सात गावं आणि २३,९२० एकर, बस्स. बाकीच्या बैगांनी नांगर धरायचा, नाहीतर मजुरीला जायचं. शिकार केली तर गुन्हा, घरी मोहाची दारू काढली तरी गुन्हा.

एल्विन यांनी हे सगळं बैगांवरच्या जाडजूड ग्रंथात मांडलं आणि शेवटी उपाय सुचवला. डोंगरातला मोठा भाग बैगांसाठी राखून ठेवा. तिथं त्यांना बेवर करू द्या, शिकार करू द्या, मासे धरू द्या. सावकार, ठेकेदार, मिशनरी यांना आवर घाला.

यावर गदारोळ झाला. आदिवासींना प्राणिसंग्रहालयात ठेवायचंय का, असा सवाल झाला. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली पुण्यातून निघालेल्या पुस्तकात, आदिवासी हे वेगळे नसून मागासलेले हिंदूच आहेत असं म्हणत एल्विन यांना विरोध केला. टीकेत दम नव्हता असं नाही. कुंपण घालून माणूस सांभाळता येत नाही. एल्विन यांनी स्वतःही पुढं ती मागणी मागं ठेवली. पण बैगांचं जंगल गेलं कुठं, या प्रश्नाला विरोधकांकडंही उत्तर नव्हतं.

त्यांच्या चरित्रातलं एक पान मात्र अवघड आहे. १९४० साली त्यांनी आपल्याच शाळेत शिकलेल्या कोसी या गोंड मुलीशी लग्न केलं. वयात मोठं अंतर. १९४९ मध्ये काडीमोड झाला, आणि आत्मचरित्रातही त्यांनी तिच्याबद्दल जेमतेमच लिहिलं. आदिवासींच्या बाजूनं इतकं लिहिणाऱ्या माणसानं घरातल्या आदिवासी बाईवर अन्यायच केला, असं म्हणावं लागतं. पुढं लीला या आदिवासी स्त्रीशी त्यांचं दुसरं लग्न झालं.

१९५४ साली ते भारताचे नागरिक झाले. नेहरूंच्या सरकारनं त्यांना ईशान्येत, आजच्या अरुणाचलात, आदिवासींबाबत सल्लागार नेमलं. १९६१ मध्ये पद्मभूषण मिळालं. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

एल्विन हयात असतानाच, १९५५ साली, कान्हा नॅशनल पार्क झालं. १९७३ साली तिथं व्याघ्र प्रकल्प आला. आतली गोंड-बैगांची गावं एकेक करून बाहेर काढली गेली. बैगाचकच्या त्याच सात गावांना मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याखाली अधिवास हक्काचे कागद मिळाले. बैगाचक आता डिंडोरी जिल्ह्यात येतो, मुक्की गेटच्या जिप्सी तिकडं जात नाहीत.