विमानशिल्पी डॉ. विष्णु माधव घाटगे

आकाशांतून विमान जाऊं लागलें कीं आपल्या कर्जतच्या माळावर गुरें राखणारा मुलगाही मान वर करून तें दिसेनासें होईपर्यंत पाहत राहतो. परंतु तें यंत्र प्रथम कोणा मनुष्यानें कागदावर आंखलें असेल, हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. अशाच एका मराठी मनुष्याचें हें अल्प चरित्र आहे.

विष्णु माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील हसूरचंपू या खेड्यांत झाला. पुणें व मुंबई येथील अभ्यासक्रम पुरा करून ते जर्मनींतील गटिंगन विद्यापीठांत गेले आणि लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञांचे शिष्य झाले. पाटाचें पाणी मधोमध वेगानें धांवतें, पण कांठाशीं मंद होतें, हें आपणांपैकीं शेतकऱ्यांच्या मुलांनीं पाहिलेंच असेल. विमानाच्या पंखालगतच्या हवेचेंही तसेंच होतें. तो मंदावलेला पातळ थर पंखापासून सुटला, तर विमानाचा आधारच नाहींसा होतो. प्रांटल यांनीं १९०४ सालीं या थराचें शास्त्र मांडलें होतें. घाटगे यांस डॉक्टरची पदवी १९३६ सालीं मिळाली.

विद्या मिळाली, पण ती वापरावयाची कोठें? हिंदुस्थानांत विमानाचा कारखानाच नव्हता. तो डिसेंबर १९४० मध्यें बंगलोर येथें निघाला. म्हैसूर सरकारच्या साह्यानें तो काढणारे शेठ वालचंद हिराचंद सोलापूरचे होते. भीमेपलीकडील इंदापूर तालुक्यांत त्यांच्या नांवाचें वालचंदनगर आहे, तें आपल्या परिचयाचें आहेच. डॉ. घाटगे या कारखान्यांत आले आणि तेथेंच त्यांच्या आयुष्याचें कार्य घडलें. आरंभीं दहा माणसें बसतील असें इंजिनाविना तरंगणारें ग्लायडर झालें. पुढें नव्या वैमानिकांस शिकविण्यासाठीं दोन आसनांचें धातूचें विमान आंखलें गेलें. तें ‘एच. टी. २’ या नांवाचें विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजीं प्रथम उडालें. घाना देशानेंही आपल्या वायुदलासाठीं अशीं विमानें घेतलीं.

यानंतरचें कार्य अधिक बिकट होतें, तें म्हणजे जेट विमान. नव्या विमानाचा पहिला नमुना किती दगा देऊं शकतो, हें जगानें नुकतेंच पाहिलें होतें. इंग्लंडचें ‘कॉमेट’ हें उतारू नेणारें पहिलें जेट विमान २७ जुलै १९४९ रोजीं उडालें, तेव्हां सर्वत्र कौतुक झालें. परंतु १९५४ सालीं अशीं दोन विमानें भूमध्य समुद्रावर फुटलीं. उंचावर आंत हवेचा दाब राखावा लागतो. तो प्रत्येक उड्डाणांत चढून उतरल्यानें पत्रा थकून चिरला होता. एक सबंध विमान पाण्याच्या टांकींत ठेवून वारंवार दाब दिला, तेव्हां कुठें हें कारण उघड झालें.

डॉ. घाटगे यांच्या नव्या विमानांतही दाब राखलेली कोठडी होती. गुरु व शिष्य यांनीं शेजारीं शेजारीं बसावें अशी तींत योजना होती. आंकडेमोडींत चूक झाली असती, तर तिची किंमत आंखणाऱ्यानें नव्हे, उडविणाऱ्यानें भरली असती. ४ सप्टेंबर १९६४ रोजीं सुरंजन दास या धाडसी वैमानिकानें तो पहिला नमुना आकाशांत नेला आणि सुखरूप खालीं आणला. विमानास ‘किरण’ हें नांव मिळालें. (हेच दास पुढें १९७० सालीं दुसऱ्या एका विमानाची चांचणी घेतांना कामास आले.) किरणचें इंजिन मात्र इंग्रजी बनावटीचें होतें. ही उणीव सांगितली पाहिजे. पण तिनें आंखणाऱ्यांचें श्रेय कमी होत नाहीं.

सरकारनें १९६५ सालीं डॉ. घाटगे यांस पद्मश्री दिली. ६ डिसेंबर १९९१ रोजीं ते निवर्तले. त्यांच्या किरण विमानांवर वायुदलाचे कित्येक वैमानिक जेट चालविण्यास शिकले. १९९६ सालीं वायुदलानें आकाशांत कसरती करणारें पथक उभारलें, तेंही किरण विमानांचेंच होतें आणि त्याचें नांव ‘सूर्यकिरण’ असें ठेवण्यांत आलें.