डॉ. कोटणीस आणि साह्याची नीती

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव महाराष्ट्रात त्याग आणि मैत्री या दोन शब्दांशी जोडले गेले आहे. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने ते घरोघरी नेले. परंतु परक्या रुग्णालयात पाहुण्या शल्यविशारदाने कोणत्या नात्याने वावरावे, या प्रश्नाचे जे उत्तर त्यांच्या ३२ वर्षांच्या आयुष्यात सापडते, त्याकडे मात्र दुर्लक्ष झाले.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेल्या कोटणीसांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईत झाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या वतीने सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे साह्य मागितले आणि सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना, १९३८ साली, काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. डॉ. मदन अटल त्याचे प्रमुख होते, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. त्या काळी आशियात पाश्चात्त्य वैद्यक बहुधा राजसत्तेच्या किंवा धर्मप्रसाराच्या सावलीत येई. या पथकामागे मात्र एका पराधीन राष्ट्राची सदिच्छा तेवढी होती. देणाऱ्यापाशी वर्चस्वाचे साधनच नव्हते.

१९३९ च्या आरंभी पथक येनानला पोहोचले. दरम्यान वडिलांच्या निधनाची वार्ता आली, तरी कोटणीस परतले नाहीत. पुढे ते उत्तर चीनच्या युद्धक्षेत्रात गेले. तेथेच नोव्हेंबर १९३९ मध्ये कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांना शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन मृत्यू आला होता. बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ च्या जानेवारीत कोटणीसांकडे आले. हे पद यजमानांनी दिलेले होते, आणि कामही त्यांच्याच व्यवस्थेखाली चालले. चिनी भाषा आत्मसात करून त्यांनी विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकविले आणि शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहावयास घेतले. परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाच्या यिनहुआ या नावात भारत आणि चीन दोन्ही गुंफलेले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले.

परदेशी विद्यापीठे आणि गरीब देशांतील रुग्णालये यांच्या शल्यचिकित्साविषयक सहकार्यात समता कशी आणावी, याची चर्चा आज जगभर चालू आहे. त्यात संशोधनाचा विषय कोणी ठरवावा, श्रेय कोणास मिळावे आणि पाहुणे परतल्यावर कौशल्य कोणापाशी उरावे, हे मूळ प्रश्न आहेत. यवतमाळसारख्या जिल्ह्यालाही ते लागू पडतात. चार दिवसांच्या शिबिरात बाहेरचे तज्ज्ञ अनेकांचे दुःख हलके करतात, हे नाकारता येणार नाही. परंतु शस्त्रक्रियेनंतरचा ताप पाचव्या दिवशी चढतो, आणि त्या वेळी रुग्णाशेजारी स्थानिक डॉक्टर व परिचारिकाच असतात. येथे १९८९ साली वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, त्याचे महत्त्व यातच आहे. बाहेरून येणारे साह्य अशा संस्थेच्या हाती बळ देते की तिला वळसा घालून जाते, यावरच त्याची योग्यता ठरावी. कोटणीसांनी अध्यापनाला आणि पाठ्यपुस्तकाला दिलेले महत्त्व या कसोटीवर पूर्णपणे उतरते.