वाळूत रुतलेली गाडी कशी काढायची हे जगाला शिकवणारा माणूस : राल्फ बॅग्नॉल्ड

जैसलमेरच्या वाळूत फोर बाय फोर गाडी पळवणाऱ्यांचे रील्स तुमच्याही फीडवर येत असतील. त्यात ठरलेल्या दोन गोष्टी दिसतात. वाळूत उतरण्याआधी गडी खाली बसून चारही टायरची हवा कमी करतो. तरीही गाडी रुतलीच, तर चाकाखाली भोकं असलेल्या लांब फळ्या सारतो आणि गाडी बाहेर काढतो.

आता तुमच्या घरच्या साध्या गाडीचं बॉनेट उघडा. रेडिएटरजवळ कूलंटची एक छोटी प्लॅस्टिकची टाकी दिसेल.

टायर, फळ्या आणि टाकी. या तिन्हींचा एका माणसाशी संबंध आहे. त्याचं नाव राल्फ अल्जर बॅग्नॉल्ड. शंभर एक वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये नोकरीला असलेला हा ब्रिटिश लष्करी अधिकारी सुट्टी मिळाली की मित्रांना घेऊन वाळवंटात गाड्या घालायचा. त्या हौसेतून पुढे लष्कराची एक तुकडी उभी राहिली, एक नवं शास्त्र उभं राहिलं आणि त्याचं नाव थेट मंगळावर पोहोचलं.

खंदकातून कैरोला

बॅग्नॉल्डचा जन्म 3 एप्रिल 1896 चा, इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टचा. वडील लष्करात इंजिनिअर. बहीण एनिड पुढे नावाजलेली लेखिका झाली. 'नॅशनल वेल्वेट' ही गाजलेली कादंबरी तिचीच.

1915 साली बॅग्नॉल्ड रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाला आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेला. सोम, ईप्र, पाशेंडाल ही त्या युद्धातली सगळ्यात भयंकर नावं. तो तिथून जिवंत परतला, केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग शिकला आणि पुन्हा लष्करात आला, यावेळी सिग्नल्स विभागात. 1926 च्या सुमारास त्याची बदली इजिप्तला झाली.

कैरोतल्या इतर अधिकाऱ्यांची संध्याकाळ क्लबात जायची. बॅग्नॉल्ड आणि त्याच्या मित्रांनी मात्र फोर्डच्या मॉडेल टी गाड्या घेतल्या. आधी सिनाईकडे फेऱ्या झाल्या, मग नजर वळली पश्चिमेला.

पश्चिमेला होतं लिबियन वाळवंट, म्हणजे सहाराचा पूर्वेकडचा भाग. आकार साधारण भारताएवढा. शेकडो किलोमीटर ना विहीर, ना झाड, ना माणूस. त्यातच ग्रेट सँड सी, म्हणजे एकामागे एक उभ्या असलेल्या वाळूच्या लांबच लांब डोंगररांगा. हा भाग मोटारीने पार होणं शक्य नाही असं तेव्हा मानलं जायचं.

पाण्याचा हिशोब

वाळवंटात गाडी बंद पडली तर मरण बहुतेक वेळा तहानेने येतं. त्यामुळे पहिला प्रश्न होता पाण्याचा. अडचण अशी होती की माणसाआधी गाडीच पाणी प्यायची. मऊ वाळूत इंजिनावर ताण यायचा, रेडिएटर उकळायचा आणि पाणी वाफ होऊन उडून जायचं. ते भरायचं कुठून? प्यायच्या साठ्यातून.

बॅग्नॉल्डच्या गाड्यांवर यासाठी साधी सोय होती. रेडिएटरची वाफ बाहेर जाणारी नळी एका डब्यात सोडायची आणि त्या डब्यात थोडं गार पाणी ठेवायचं. वाफ डब्यात आली की तिथेच थंड होऊन तिचं पाणी व्हायचं. डबाही उकळायला लागला की गाडी थांबवायची, तोंड वाऱ्याकडे करायचं आणि वाट बघायची. मिनिटभरात इंजिन गार व्हायला लागायचं आणि डब्यातलं पाणी गुडगुड करत आपोआप परत रेडिएटरमध्ये ओढलं जायचं. बॉनेटखालची आजची टाकी याच तत्त्वावर चालते.

ही कल्पना एकट्या बॅग्नॉल्डची नव्हती, हेही सांगायला हवं. पहिल्या महायुद्धात याच भागात फिरलेल्या ब्रिटिशांच्या लाईट कार पेट्रोल्सनी असे प्रयोग केले होते. आणि त्यांच्याही कितीतरी आधीपासून स्थानिक लोक उंटांवरून हे वाळवंट ओलांडत होतेच. बॅग्नॉल्डने विखुरलेल्या युक्त्या एकत्र केल्या, सुधारल्या, स्वतःच्या भर घातल्या आणि त्यातून मोटारीने प्रवास करण्याची एक पक्की पद्धत बसवली.

भंगारातले पत्रे

दुसरा प्रश्न रुतण्याचा. रुतलेल्या गाडीचा अॅक्सिलरेटर दाबला की चाक जागेवरच फिरतं आणि स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं.

बॅग्नॉल्डला कैरोतल्या एका भंगारवाल्याकडे जाड पोलादी पन्हळी पत्रे मिळाले. महायुद्धात खंदकांवर छप्पर घालायला वापरायचे ते हे पत्रे. लांबी साधारण पाच फूट. चाकासमोरची वाळू उकरायची, पत्रा सारायचा, गाडी पत्र्यावर चढली की धावत जाऊन पत्रा उचलायचा आणि पुन्हा पुढे टाकायचा. उन्हात तापलेल्या लोखंडासोबत हा खेळ दिवसातून कितीतरी वेळा चालायचा. रील्समधल्या फळ्या म्हणजे याच पत्र्यांची हलकी, रंगीत नातवंडं.

रुतायलाच नको म्हणूनही उपाय होते. टायरची हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी कमी बुडते. शिवाय दारं, टप, समोरची काच असं जे काढता येईल ते सगळं काढून टाकायचं. वाचलेल्या वजनाच्या बदल्यात पेट्रोल आणि पाणी न्यायचं.

वाळूचा डोंगर चढायचा तर वेग लागतो. हळू गेलं की चढावरच चाकं बुडतात. पण माथ्यापलीकडे बहुतेक वेळा सरळ कडा असतो. वेगात माथा ओलांडला तर गाडी उलटणार, माथ्याआधी थांबलं तर रुतणार. त्यात टणक वाळू आणि मऊ वाळू दिसायला अगदी सारखी. हे सगळं शिकत शिकत 1929 आणि 1930 च्या मोहिमांमध्ये ही मंडळी ग्रेट सँड सीमध्ये शिरली आणि त्यांनी तो मोटारीने पार करून दाखवला.

सावलीवर चालणारी गाडी

तिसरा प्रश्न दिशेचा. गाडीत एवढं लोखंड असतं की नेहमीचं होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं. दर वेळी गाडीपासून दूर चालत जाऊन दिशा बघायची, तर दिवस त्यातच जाणार.

म्हणून बॅग्नॉल्डने सूर्यावर चालणारं होकायंत्र सुधारून घेतलं. अंशांच्या खुणा असलेली एक गोल तबकडी, मधोमध उभी बारीक सळई. सळईची सावली ठरलेल्या खुणेवर ठेवत गाडी हाकायची. सूर्य सरकतो तशी तबकडी तक्त्यानुसार फिरवायची. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की सावलीच नाहीशी व्हायची. मग सक्तीची विश्रांती.

रात्री मुक्कामाला थांबलं की थिओडोलाईटने तारे मोजायचे, रेडिओवरून अचूक वेळ घ्यायची आणि आपण नकाशावर नेमके कुठे आहोत ते काढायचं. नकाशाचा तो भाग बऱ्याचदा कोराच असायचा. मग तो आपणच भरायचा.

झोपायची सोय म्हणजे गाडीच. सामानाने खचाखच भरलेल्या गाडीत आत जागा नसायची, त्यामुळे वारा अडवेल अशी ती उभी करायची आणि तिच्या आडोशाला अंथरूण टाकायचं. दिवसा भाजून काढणारी वाळू हिवाळ्याच्या रात्री हाडं गोठवायची.

आणि एक नियम होता. कधीही एकाच गाडीने जायचं नाही. एक मोडली तर माणसं दुसरीत बसून परत येऊ शकली पाहिजेत. बॅग्नॉल्डच्या प्रवासात धाडस होतं, पण निघण्याआधी पेट्रोल, पाणी आणि अंतर यांचं गणित कागदावर सुटलेलं असायचं.

वाळू चालते कशी?

या मंडळींना ओढ होती झरझुराची. झरझुरा म्हणजे दंतकथांमधलं हरवलेलं मरुद्यान. ते बॅग्नॉल्डला सापडलं नाही. त्याच्या डोक्यात वेगळाच प्रश्न घर करून बसला. कोणी न रचता वाळूचे डोंगर इतके रेखीव कसे होतात? आणि आकार न मोडता ते पुढे कसे सरकतात?

1935 मध्ये तो लष्करातून निवृत्त झाला आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये त्याने स्वतः एक वाऱ्याचा बोगदा बांधला. आत वाळू टाकायची, वारा सोडायचा आणि काचेतून बघायचं. त्याने दाखवून दिलं की वाळूचे कण बहुतांशी उड्या मारत जातात. एक कण खाली आपटतो, दुसऱ्यांना उडवतो आणि ही साखळी सुरू राहते. म्हणूनच वाळूचा लोट जमिनीलगत राहतो, धूळ मात्र आभाळात चढते.

1941 मध्ये यावरचं त्याचं पुस्तक आलं, 'द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स'. वाळवंटाचा अभ्यास करणारे आजही इथूनच सुरुवात करतात. 1944 मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो करून घेतलं.

छंदाचं हत्यार झालं

पुस्तक बाजारात आलं तेव्हा लेखक मात्र युद्धात होता. 1939 मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि बॅग्नॉल्डला परत बोलावलं गेलं. पाठवत होते पूर्व आफ्रिकेला. पण वाटेत भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची टक्कर झाली, ते इजिप्तच्या बंदरात आलं आणि बॅग्नॉल्ड पुन्हा कैरोत पोहोचला. हा निव्वळ योगायोग.

जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली. शेजारचा लिबिया इटलीच्या ताब्यात होता. बॅग्नॉल्डने ब्रिटिश सेनापती वेव्हेल यांच्यापुढे योजना ठेवली की, ज्या वाळवंटातून कोणी येणार नाही असं शत्रूला वाटतं, तिथूनच जायचं. वेव्हेल यांनी परवानगी दिली आणि तयारीला सहा आठवडे दिले.

जुने सोबती गोळा झाले. शेव्हरोले ट्रक मिळवले गेले. पहिले जवान आले न्यूझीलंडचे, त्यातले बरेच शेतकरी. ही तुकडी पुढे लाँग रेंज डेझर्ट ग्रुप म्हणून ओळखली गेली. शत्रूच्या पाठीमागे शेकडो किलोमीटर आत जायचं, रस्त्यांवर नजर ठेवायची, हल्ला करून गायब व्हायचं. याच धर्तीवर भारतीय लष्करातल्या जवानांचीही एक तुकडी उभी राहिली, इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन. तिने याच वाळवंटात काम केलं.

पण वाळवंटाचा हिशोब कोणालाच माफ नव्हता. जानेवारी 1941 च्या अखेरीस इटालियन हल्ल्यात तुकडीचे काही ट्रक जळाले. मागे राहिलेल्या चार जणांनी शरण न जाता चालायला सुरुवात केली. पाणी होतं एका डब्यापुरतं. दहाएक दिवसांत ते 300 किलोमीटरच्या वर चालले. सापडले तेव्हा चौघेही जिवंत होते, पण त्यातला एक वाचू शकला नाही.

ज्ञान कोणा एका बाजूचं राहत नाही, हेही तेव्हाच दिसलं. त्याच वाळवंटात झरझुरा शोधणाऱ्या हंगेरीच्या लास्लो आल्माशीने 1942 मध्ये दोन जर्मन हेरांना वाळवंट ओलांडून इजिप्तमध्ये पोहोचवलं. 'द इंग्लिश पेशंट' या सिनेमातलं मुख्य पात्र ढोबळमानाने याच आल्माशीवर बेतलेलं आहे.

मंगळावरची वाळू

युद्धानंतर बॅग्नॉल्ड पुन्हा विज्ञानाकडे वळला. वारा वाळू कशी वाहून नेतो हे कळलं होतं, आता नदी गाळ कसा नेते याचा त्याने अभ्यास केला. 1977 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, पृथ्वीवरच्या आणि मंगळावरच्या वाळवंटांवर नासाने घेतलेल्या परिषदेत त्याला भाषणासाठी बोलावलं गेलं. 28 मे 1990 रोजी, 94 व्या वर्षी त्याचं निधन झालं.

2015 च्या शेवटी नासाची क्युरिऑसिटी ही रोव्हर गाडी मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांपाशी पोहोचली. सरकत्या टेकड्यांचा दुसऱ्या ग्रहावर इतक्या जवळून अभ्यास होण्याची ही पहिलीच वेळ. त्या टेकड्यांना नाव दिलंय बॅग्नॉल्ड ड्यून्स.

तिच्या आधीची स्पिरिट नावाची रोव्हर 2009 मध्ये मंगळाच्या मऊ मातीत रुतली. महिनोन्‌महिने प्रयत्न झाले, पण ती निघालीच नाही. चाकाखाली पत्रा सारायला तिथे दुसरं कोणीच नव्हतं.

जीपीएस, मोबाईल आणि दणकट एसयूव्ही आल्यामुळे आज एकट्याने वाळवंटात जाऊन गाडीत झोपणं सोपं वाटतं. मात्र नेटवर्क गेलं, चाक रुतलं आणि पाणी संपत आलं की परिस्थिती 1930 चीच असते. त्यामुळे थरच्या वाळूत उतरणार असाल तर टायरची हवा कमी कराच, फळ्या घ्याच, पाणी लागेल त्याहून जास्त ठेवा. आणि सोबत दुसरी गाडी न्या. बॅग्नॉल्डसारखा माणूसही त्या वाळूत कधी एका गाडीने शिरला नाही.