रुझवेल्ट यांनी स्वतःची व्हीलचेअर स्वतःच का बनवून घेतली?

घरात कुणासाठी व्हीलचेअर घ्यायची वेळ आली की आपण काय करतो? मोबाईल काढतो, रेटिंग बघतो, किंमत बघतो आणि ऑर्डर टाकतो. खुर्ची घरी येते, आणि मग कळतं की ती बाथरूमच्या दारातून आतच जात नाही! अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांचाही दाराशी असाच सामना झाला होता, पण त्यांनी त्यावर वेगळाच उपाय शोधला.

रुझवेल्ट यांचा जन्म १८८२ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कचा. घर श्रीमंत, राजकारणात नाव होऊ लागलेलं. ऑगस्ट १९२१ मध्ये कॅनडातल्या कॅम्पोबेलो बेटावर सुट्टीला गेले असताना ते तापाने आजारी पडले आणि काही दिवसांतच पाय निकामी झाले. डॉक्टरांनी निदान केलं पोलिओचं. वय होतं ३९.

त्या काळातल्या व्हीलचेअर म्हणजे लाकडाच्या किंवा वेताच्या अवजड खुर्च्या. घरातल्या अरुंद दारांतून त्या नेणं कठीण, आणि बघताक्षणी हॉस्पिटलच आठवायचं. मग रुझवेल्ट यांनी जेवणाच्या टेबलाजवळ ठेवतात तशी बिनहाताची साधी लाकडी खुर्ची घेतली आणि तिला छोटी चाकं बसवून घेतली. झाली व्हीलचेअर तयार! आजच्या भाषेत फुल कस्टमाइझ.

आता यातली गंमत बघा. खुर्ची अरुंद, म्हणून दारातून सहज जाते. हात नाहीत, म्हणून बाजूला सरकून सोफ्यावर किंवा पलंगावर जाणं सोपं. रुझवेल्ट दिवसभर त्या खुर्चीत बसत नसत. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं आणि साध्या खुर्चीवर सरकायचं, एवढंच तिचं काम. त्यामुळे कडक लाकडी सीट त्यांना चालून गेली. ज्याला रोज आठ-दहा तास खुर्चीतच काढायचे आहेत, त्याला अशी सीट अजिबात चालणार नाही. त्याला चांगली गादी हवीच, नाहीतर त्वचेला जखमा होतात.

पण या खुर्चीत एक मोठी उणीव होती. हाताने फिरवता येतील अशी मोठी चाकं तिला नव्हती, त्यामुळे बहुतेक वेळा ढकलायला माणूस लागायचा. रुझवेल्ट यांच्याकडे माणसं होती. आपल्याकडे घरातले सगळे कामावर गेले तर? म्हणून एकट्याने फिरायचं असेल आणि हातात ताकद असेल, तर मागची चाकं मोठी आणि त्यांना धरायला कडं असलेली खुर्ची घ्या. हातात ताकद नसेल तर इलेक्ट्रिकचा विचार करा. सीटची रुंदी आणि दाराची रुंदी मात्र आधी टेपने मोजा. मोजताना चाकांसकट खुर्चीची पूर्ण रुंदी धरायची, हे बरेच जण विसरतात.

घडीची स्टीलची व्हीलचेअर १९३३ मध्ये आली, हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोघांनी बनवलेली. एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघातात जायबंदी झालेले होते, आणि त्यांना खुर्ची गाडीत टाकून न्यायची होती. त्याच वर्षी रुझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले.

रुझवेल्ट यांनी खुर्चीपुरतंच थांबवलं नाही. हाइड पार्कच्या घरात सामान चढवायची लिफ्ट होती. तिचा दोर हाताने ओढत ते स्वतःच वर जायचे. आगीची त्यांना फार भीती होती, त्यामुळे वीज गेली तरी चालणारी लिफ्टच त्यांना बरी वाटे. १९३६ ची फोर्ड गाडी त्यांनी फक्त हातांनी चालवता येईल अशी करून घेतली होती. पुढे टॉप कॉटेज हे छोटं घर बांधलं, तेही व्हीलचेअर सहज फिरेल असं.

लोकांसमोर मात्र ते पायांना स्टीलच्या पट्ट्या बांधून, कुणाच्या तरी हाताचा आधार घेऊन उभे राहायचे. खुर्चीतले त्यांचे फोटो मोजकेच आहेत. लोकांनी दुर्बल समजू नये, हे त्यामागचं कारण, आणि माझ्या मते ही गोष्ट त्यांना खूप महागात पडत असणार. शेवटी मार्च १९४५ मध्ये संसदेत त्यांनी बसूनच भाषण केलं आणि पायातल्या पट्ट्यांच्या वजनाचा स्वतः उल्लेख केला. पुढच्याच महिन्यात, १२ एप्रिलला, त्यांचं निधन झालं.

वॉशिंग्टनमधलं त्यांचं स्मारक १९९७ मध्ये उघडलं, तेव्हा मुख्य पुतळ्यातली खुर्ची मोठ्या झग्याखाली जवळपास झाकलेली होती. दिव्यांगांच्या संघटनांनी यावर आवाज उठवला. २००१ मध्ये तिथे दुसरा पुतळा बसवला गेला. त्यात रुझवेल्ट त्यांच्या त्या छोट्या चाकांच्या खुर्चीत उघडपणे बसलेले आहेत.