संसाराचा हिशेब सांभाळणाऱ्या बाया कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी उभ्या केलेल्या संस्थांचा इतिहास अनेकदा लिहिला गेला. त्यांचा स्वतःचा संसार कशावर चालला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्याचे उत्तर त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांच्या आयुष्यात सापडते.

आनंदीबाई पूर्वाश्रमीच्या गोदूबाई. कोकणातील जोशी घराण्यातील या मुलीला बालपणीच वैधव्य आले. हाती पैसा नाही, अक्षरओळख नाही, अशा स्थितीत तारुण्याची वर्षे गेली. बंधू नरहरपंत हे कर्व्यांचे स्नेही. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा गोदूबाई तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी ठरल्या. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि या विवाहाबद्दल मुरूड गावाने कर्व्यांवर बहिष्कार टाकला.

१८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून साठवलेली शिल्लक त्यांनी आश्रमाला दिली. आयुर्विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे करून टाकली. आनंदीबाईंना हे लागले. विधवांच्या आश्रमाला त्यांचा विरोध नव्हता. पण पतीच्या पश्चात निराधार झालेल्या स्त्रीची अवस्था त्यांनी स्वतः भोगलेली होती. नोकरदार माणसाच्या कुटुंबाला विमा हाच काय तो आधार. परक्या विधवांची सोय करणाऱ्या पतीने आपल्या पत्नीसाठी आणि मुलांसाठी काय राखले, हा त्यांचा प्रश्न अत्यंत व्यवहारी होता.

हा प्रश्न विचारून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. प्रसूतिशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी सुईणीचे काम केले आणि स्वतःच्या कमाईने घरखर्चाला हातभार लावला. काटकसर त्यांच्या अंगवळणी पडली होती. सावत्र पुत्र रघुनाथ आणि शंकर, दिनकर व भास्कर ही त्यांची मुले उच्चशिक्षित होऊन आपापल्या क्षेत्रात नावारूपाला आली. ज्या आश्रमापायी घराची ओढाताण झाली, त्याच आश्रमासाठी आनंदीबाईंनी पुढे वर्गणीही गोळा केली. आपली बाजू त्यांनी 'माझे पुराण' या आत्मचरित्रात मोकळेपणाने मांडली.

१९५० मध्ये आनंदीबाईंचे निधन झाले. कर्वे त्यानंतर १२ वर्षे जगले. ज्या दुसऱ्या वैधव्याची धास्ती त्यांनी घेतली होती, ते त्यांच्या वाट्याला आलेच नाही. १९५८ मध्ये कर्व्यांना भारतरत्न मिळाले, तो गौरव पाहायला त्या नव्हत्या. वसंत कानेटकरांच्या 'हिमालयाची सावली' या नाटकातील बयोमध्ये रसिकांना त्यांचेच रूप दिसले.

दान करणाऱ्याचे नाव संस्थेच्या पाटीवर लागते. त्या दानानंतर महिनाअखेर घरात धान्य भरणाऱ्या स्त्रीची नोंद कुठेच होत नाही. बायांनी ती स्वतः लिहून ठेवली.