अतातुर्क, टिंबवाला आय आणि फेल झालेली टेस्ट

आपल्या लॅपटॉपवर पास होणारी टेस्ट तुर्कस्तानातल्या डेव्हलपरकडे फेल झाली, तर त्याचं मूळ थेट १९२८ सालात असू शकतं.

मुस्तफाचा जन्म १८८१ चा, सालोनिका शहरातला. शहर तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होतं, आज ग्रीसमध्ये आहे. वडील लवकर गेले. पोरगा गणितात इतका हुशार, की शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनीच त्याला ‘केमाल’ हे नाव दिलं, असं सांगतात. पुढे १९१५ ला गॅलिपोली, मग स्वातंत्र्ययुद्ध, आणि १९२३ ला केमाल पाशा प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. लढायांवर यूट्यूबला ढीगभर व्हिडिओ आहेत, आपण लिपीकडे वळू.

तुर्की भाषा तेव्हा अरबी लिपीत लिहायचे. भाषेत स्वर आठ आणि लिपीत स्वरांसाठी अक्षरं मोजकीच, म्हणजे वाचताना अंदाजपंचे. ऑगस्ट १९२८ मध्ये केमाल पाशांनी इस्तंबूलच्या गुल्हाने पार्कात नवी लॅटिन लिपी जाहीर केली आणि स्वतः खडू घेऊन फळ्यावर शिकवत देशभर फिरले. १ नोव्हेंबरला कायदाही झाला!

या लिपीत २९ अक्षरं. दोन वेगळ्या स्वरांसाठी दोन आय: एक टिंबवाला, एक बिनटिंबाचा. टिंबवाल्याच्या कॅपिटललाही टिंब, बिनटिंबाच्याला कुठेच नाही. खरं तर एकदम लॉजिकल. विचित्र आहे ती इंग्रजी, छोट्या आयला टिंब देते आणि मोठ्याचं काढून घेते.

१९३४ मध्ये संसदेने त्यांना अतातुर्क हे आडनाव दिलं. १९३७ मध्ये त्यांचं भूमितीचं छोटं पुस्तक आलं, तुर्की शब्द वापरून लिहिलेलं. १० नोव्हेंबर १९३८ ला ते गेले. प्रोग्रॅमिंग वगैरे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

आता कोड बघा. जावात लोअरकेस करणारं फंक्शन, भाषा सांगितली नाही तर, सिस्टीमचं सेटिंग वापरतं. सेटिंग तुर्की असेल तर कॅपिटलमध्ये लिहिलेल्या ‘फाइल’ शब्दातला आय बिनटिंबाचा होतो. टेस्टला हवा असतो टिंबवाला. स्पेलिंग जुळत नाही, टेस्ट लाल. आणि आपण तासभर कोड वाचत बसतो, ज्यात चूक दिसतच नाही (मी बसलोय). मजकूर माणसासाठी नसून मशीनसाठी असेल, तर फंक्शनला लोकेल रूट द्या. आणि एकदा सगळ्या टेस्ट जावाची भाषा तुर्की ठेवून चालवून बघा, किती लाल होतात ते कळेल.