वेगाच्या देवाला नैवेद्य

कॉलेजच्या पार्किंगमधला हा वाद तुम्ही ऐकलाच असणार. कदाचित स्वतःच घातलाही असेल. एका बाजूला क्रूझरवाले. रुंद हँडल, पुढे ताणलेले पाय, धडधड असा भारदस्त आवाज आणि चेहऱ्यावर घाई कशाची आहे असा भाव. दुसऱ्या बाजूला स्पोर्टवाले. टाकीवर झुकलेली पाठ, मागे सरकवलेले पाय आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच पुढे पोचलेलं मन. क्रूझरवाले म्हणतात, तिशीच्या आत तुमची पाठ जाणार. स्पोर्टवाले म्हणतात, तुमचा सोफा वळणावर वळतो तरी का! मग कोणीतरी चहा सांगतं, वाद तिथेच थांबतो आणि दुसऱ्या दिवशी लेक्चर बुडवून पुन्हा सुरू होतो.

या वादात तुम्ही कुठल्याही बाजूला असा, एका माणसाची गोष्ट माहीत असायलाच हवी, कारण तो दोन्ही बाजूंचा होता. म्हटलं तर कुठल्याच बाजूचा नव्हता. त्याचं नाव बर्ट मन्रो.

बर्टचा जन्म २५ मार्च १८९९चा, न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकारगिल या गावातला. घरची शेती होती. वेगाचं वेड मोटारसायकलच्या आधीपासूनचं, कारण लहानपणी शेतावरचा सगळ्यात जोरात पळणारा घोडा हाच घेऊन सुटायचा आणि वडिलांची बोलणी खायचा. पुढे बोगद्याच्या बांधकामावर काम केलं, वडिलांनी बोलावल्यावर शेतावर परतला. पण चित्त शेतात नव्हतं.

१९२० साली त्याने एक नवी कोरी मोटारसायकल घेतली, इंडियन स्काउट. नावावर जाऊ नका, आपल्या देशाशी तिचा संबंध नाही. इंडियन ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डची कंपनी. १९०१ साली सुरू झालेली आणि हार्ले-डेव्हिडसनशी पिढ्यान्‌पिढ्या टक्कर घेतलेली. तिथला इंडियन म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी. स्काउटला सुमारे ६०० सीसीचं व्ही-ट्विन इंजिन होतं, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरके बसवलेले दोन सिलिंडर. टॉप स्पीड ताशी ९० किलोमीटरच्या आतबाहेर. आज स्काउट हे नाव ऐकलं की क्रूझरच डोळ्यांसमोर येते.

इथे स्पोर्टवाल्यांनी जरा थांबा. त्या काळात क्रूझर आणि स्पोर्ट अशा दोन जाती नव्हत्याच. एकच गाडी सोमवारी कामावर जायची आणि रविवारी शर्यतीत उतरायची. स्काउटचं डिझाइन करणारा चार्ल्स फ्रँकलिन हा आयर्लंडचा माणूस स्वतः रेसर होता. १९११च्या आइल ऑफ मॅन टीटीमध्ये इंडियनने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले, त्यातला दुसरा त्याचा. म्हणजे आपण जिला निवांत गाडी म्हणतो, तिच्या घराण्यातच शर्यत होती.

बर्टने १९२६च्या सुमारास या स्काउटवर हात चालवायला सुरुवात केली आणि पुढची जवळपास पन्नास वर्षं तो थांबला नाही. आपल्याकडे मॉडिफिकेशन म्हटलं की सायलेन्सर बदलणं, स्टिकर लावणं, फार तर हँडल बदलणं. बर्टचं प्रकरण वेगळं होतं. त्याच्याकडे पैसे नव्हते आणि जगाच्या त्या टोकाला हवे ते पार्ट मिळायचेही नाहीत. मग तो ते घरीच बनवायचा. जुन्या डब्यांचा साचा करून त्यात धातू ओतायचा. पिस्टन, सिलिंडर, फ्लायव्हील, सगळं घरचं. मोजमापाला मायक्रोमीटर हवा, तर त्याने चाकाचा एक जुना स्पोकच त्या कामाला लावला. मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते, ते त्याने वर आणले. असं केल्याने इंजिनाला श्वास मोकळा मिळतो आणि ताकद वाढते. आज हे तुम्ही इंजिनिअरिंगच्या पुस्तकात वाचता. बर्ट शेडमध्ये हाताने करत होता.

पोटासाठी तो मोटारसायकली विकायचा. दिवसा सेल्समन, रात्री मिस्त्री. कधीकधी रात्रभर इंजिनाशी झटापट करून सकाळी तसाच कामावर. त्याची दुसरी लाडकी गाडी होती व्हेलोसेट, १९३६ची, इंग्लंडची, एकाच सिलिंडरची. म्हणजे एकाच शेडमध्ये अमेरिकन व्ही-ट्विन आणि ब्रिटिश सिंगल शेजारी शेजारी उभ्या. जगभरचे बाइकवाले या दोन घराण्यांवरून भांडत असताना हा गडी दोघींचीही इंजिनं खोलून बसलेला.

खोललेली इंजिनं फुटायचीही. पिस्टन वितळायचे, रॉड तुटायचे, महिनोन्‌महिन्यांची मेहनत एका क्षणात भंगार व्हायची. बर्ट ते भंगार टाकून देत नसे. शेडमधल्या फळीवर मांडून ठेवायचा आणि तिथे त्याने लिहून ठेवलं होतं की हा सगळा वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य आहे. आपण नापास झालेली मार्कशीट कपाटात खाली दडवतो. याने आपल्या चुका दर्शनी जागी मांडल्या होत्या.

पण सगळा नैवेद्य लोखंडाचाच नव्हता, हेही सांगायला हवं. बर्टचं लग्न १९२७ साली झालं, चार मुलं झाली. संसार मात्र टिकला नाही. १९४०चं दशक संपता संपता त्याने नोकरी सोडली आणि शेडमध्येच राहायला लागला. गाड्यांच्या शेजारी पलंग, एवढंच घर. सिनेमात हे दृश्य गोड दिसतं. पण पॅशन फॉलो करा असं आपल्याला रोज कोणी ना कोणी सांगत असतं आणि त्याची किंमत कोण मोजतं हे सांगत नाही. इथे ती फक्त बर्टने मोजली नव्हती, त्याच्या घरच्यांनीही मोजली होती.

१९३८ साली त्याने न्यूझीलंडचा पहिला वेगविक्रम केला, पुढे आणखी सात केले. सरावाची जागा म्हणजे गावाजवळचा ओरेटी बीच. लांबच लांब आणि ओहोटीनंतर घट्ट होणारी वाळू. तिथे आणि इतर मैदानांवर तो अनेकदा पडला, जबर जखमी झाला, उठला आणि पुन्हा शेडमध्ये गेला.

आता थोडं फिजिक्स, घाबरू नका. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो विरोध कापायला ताकद आठपट लागते. म्हणून ताशी ९०ची गाडी १८० करायला नुसतं इंजिन मोठं करून भागत नाही. क्रूझरवर आपण ताठ बसतो, म्हणजे छातीचं शीड करून वाऱ्यासमोर धरतो. स्पोर्टवाला वाकतो, त्याच्या गाडीला पुढून फेअरिंग असतं, कारण त्याला वाऱ्याला चुकवायचं असतं. बर्टने ही गोष्ट टोकाला नेली. त्याने स्काउटभोवती माशासारखं निमुळतं कवच बनवलं आणि त्याच्या आत तो जवळजवळ पालथा झोपून गाडी चालवायचा. इंजिनाचं मूळ अजूनही १९२०च्या व्ही-ट्विनचं, बसणं मात्र कुठल्याही सुपरबाइकपेक्षा जास्त झुकलेलं. सांगा आता, ही क्रूझर की स्पोर्ट?

ही गाडी घेऊन तो थेट अमेरिकेतल्या बॉनव्हिलला गेला. युटा राज्यातलं हे मैदान म्हणजे आटलेल्या सरोवराचं मिठागर. पांढरंशुभ्र, सपाट, वळण नाही की समोरून येणारा ट्रक नाही. जगभरचे वेगवेडे तिथे जमतात. बर्ट एकूण दहा वेळा तिथे गेला. पहिल्यांदा फक्त बघायला आणि नंतर नऊ वेळा पळवायला.

आणि इथेच आपल्या पार्किंगमधल्या वादाचं मोठं रूप बघायला मिळतं. बॉनव्हिलवर प्रत्येकाचं आपलं दैवत. रोली फ्री नावाचा अमेरिकन पूर्वी इंडियन चालवायचा आणि विकायचा, हार्लेवर त्याचा विशेष राग. १९४८ साली ब्रिटिश व्हिन्सेंट गाडीवर वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून फक्त पोहण्याची चड्डी घालून तो पालथा झोपला आणि ताशी सुमारे २४२ किलोमीटरचा विक्रम केला. त्याचा तो फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. (कृपया नक्कल नको.) मार्टी डिकरसन हा दुसरा कट्टर व्हिन्सेंटवाला. न्यूझीलंडहून एक साठी ओलांडलेला माणूस चाळीस वर्षं जुनी इंडियन घेऊन आला, तेव्हा त्याच्याशी मैत्री करणाऱ्यांत हे लोक होते. तिथली चुरस खरीखुरी होती, पण ती घड्याळापुरती. बाकी वेळ एकमेकांच्या गाडीला हात लावायला सगळे तयार.

१९६२ साली बर्टने आपल्या गटातला जागतिक विक्रम केला, ताशी २८८ किलोमीटर. तेव्हा त्याचं वय ६३ होतं. १९६६ साली वेगळ्या क्षमतेच्या इंजिनासह दुसरा विक्रम, ताशी २७०. आणि १९६७ साली तिसरा, १००० सीसीच्या आतल्या गटात. इंजिन वाढत वाढत ९५० सीसीचं झालेलं, ड्रायव्हर ६८ वर्षांचा आणि गाडी ४७ वर्षांची. नोंद झाली ताशी २९५ किलोमीटरहून थोडी अधिक. त्याआधी पात्रता फेरीत एका दिशेने तो ताशी ३०५.८९ किलोमीटरने गेला. १९९९ साली हायाबुसा आली आणि ३०० या आकड्याभोवती जगभर चर्चा झाली, हे गाडीवाल्यांना माहीत असेल. बर्टने तो आकडा त्याच्या तीन दशकं आधी, जुन्या डब्यात ओतलेल्या पिस्टनवर ओलांडला होता. आणि त्याची गाडी बनवणारी मूळ कंपनी? तिने स्प्रिंगफील्डमधलं उत्पादन १९५३ सालीच बंद केलं होतं!

१९७७ साली बर्टला स्ट्रोक आला. हात-पाय पूर्वीसारखे साथ देईनात. गाड्या आपल्याच भागात राहाव्यात म्हणून त्याने दोन्ही गाड्या गावातल्या हेज नावाच्या दुकानदाराला विकल्या. ६ जानेवारी १९७८ला तो गेला. २००५ साली त्याच्यावर द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन हा सिनेमा आला. अँथनी हॉपकिन्सने त्याची भूमिका केली आणि साऱ्या जगाला बर्ट कळला. सिनेमात वर्षानुवर्षांच्या वाऱ्या एकाच प्रवासात कोंबल्यात, पण तेवढं चालायचंच.

गोष्ट अजून संपली नाही. बॉनव्हिलवर विक्रम एका दिशेच्या धावेवर ठरत नाही. वाऱ्याचा फायदा मिळू नये म्हणून जाताना आणि येताना अशा दोन धावा होतात आणि त्यांची सरासरी काढतात. बर्ट जाऊन बरीच वर्षं झाल्यावर त्याच्या मुलाने, जॉनने, १९६७ची नोंद बारकाईने पाहिली, तर सरासरीच चुकलेली! नोंद ताशी १८३.५८६ मैलांची, बरोबर उत्तर १८४.०८७. अमेरिकन मोटारसायक्लिस्ट असोसिएशनने २०१४ साली चूक दुरुस्त केली. फरक जेमतेम अर्ध्या मैलाचा. पण ज्या मुलाच्या वाट्याचे वडील कायम शेडमध्ये असायचे, त्याने ४७ वर्षांनी वडिलांना त्यांचा हक्काचा अर्धा मैल मिळवून दिला. मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा विक्रम हाच वाटतो.

आज इन्व्हरकारगिलला गेलात, तर बर्टची गाडी हेज यांच्या हार्डवेअरच्या दुकानात, नटबोल्ट आणि हत्यारांच्या गर्दीत बघायला मिळते. त्याच्या नावाने तिथे बर्ट मन्रो चॅलेंज भरतो. ओरेटीच्या वाळूवर शर्यती होतात आणि क्रूझरवाले, स्पोर्टवाले, जुन्या गाड्यांवाले, सगळे एकत्र जमून एकमेकांची खेचतात.

तर मित्रमैत्रिणींनो, पार्किंगमधला वाद बंद करू नका. तो मजेचा आहे. फक्त त्याचा निकाल रस्त्यावर लावायला जाऊ नका. वेगासाठी आयुष्य वाहिलेला बर्ट गाडी घेऊन पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला गेला, ते समोर कोणी येणार नाही अशा मोकळ्या मैदानासाठी. आपल्या घाटात आणि हायवेवर समोरून कोणी ना कोणी येतच असतं, त्याचीही कोणीतरी घरी वाट बघत असतं. फारच चुरस वाटली तर एका रविवारी दोन्ही गटांनी मिळून एखादं जुनं इंजिन खोला. ते पुन्हा जोडल्यावर पहिल्या किकमध्ये ज्यांचं सुरू होईल ते जिंकले. हरलेल्यांनी चहा पाजायचा. आणि उरलेले नटबोल्ट दडवू नका, फळीवर मांडून ठेवा.